गोंगाटात भेटलेला राम

मुलाच्या खोलीचं दार बंद. आतून धडधडणारा ठेका आणि भराभर म्हटलेलं इंग्रजी ऐकू येतं. ‘रॅप’ म्हटलं की बहुतेक घरांत ‘आवाज कमी कर’ असं फर्मान सुटतं. हे गाणं नव्हे, परदेशी थेर आहेत, असं आपण न ऐकताच ठरवून मोकळे होतो. पण बंगळुरूच्या दोन तरुणांना ऐकलं, की हा निकाल पुन्हा तपासावासा वाटतो.

पहिला ब्रोधा व्ही, म्हणजे विघ्नेश शिवानंद. त्याचं ‘आत्मा रामा’ २०१२ साली आलं. शब्द इंग्रजी, ढंग रॅपचा. आणि ध्रुपदाला चक्क रामभजन! ते शोभेपुरतं नाही. वाट चुकलेला मुलगा शेवटी रामालाच हाक मारतो, हाच त्या गाण्याचा गाभा आहे.

दुसरा हनुमानकाइंड, म्हणजे सूरज चेरुकट. जन्म केरळचा, बालपण अमेरिकेतल्या ह्यूस्टनमध्ये आणि रॅपर म्हणून नाव झालं बंगळुरूत. २०२४ मधल्या ‘बिग डॉग्ज’च्या चित्रफितीत त्याने ना आलिशान मोटारी दाखवल्या, ना उंची बंगले. दाखवला तो आपल्या जत्रेतला ‘मौत का कुआँ’. हे गाणं अमेरिकेच्या बिलबोर्ड यादीतही झळकलं. २०२५ च्या ‘रन इट अप’मध्ये केरळच्या चेंड्याचा ठेका आहे आणि पडद्यावर कलारीपयट्टूबरोबर आपले मर्दानी खेळही!

न ऐकता निकाल दिला की काय होतं, याचा दाखला मुंबईतच आहे. चरणजित सिंग यांनी १९८२ साली सिंथेसायझरवर दहा राग डिस्कोच्या ठेक्यात वाजवले. तेव्हा त्या रेकॉर्डकडे फारसं कुणी वळलं नाही. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि जगभरच्या जाणकारांनी कान टवकारले. तोवर सिंग सत्तरीला आले होते.

अर्थात, या प्रकारातली सगळीच गाणी घरात एकत्र बसून ऐकण्याजोगी नसतात. काहींत शिवराळ शब्दही असतात. पण ते सांगायलाही आधी ऐकावं लागतं. तेव्हा आज संध्याकाळी त्या बंद दारावर टकटक करा आणि म्हणा, ‘तुझं आवडतं गाणं मलाही ऐकव.’ गाणं आवडेल, न आवडेल. दार तर उघडेल!