बल्ब काढला, पण त्याचं काम कोण करणार?

आजकाल शोरूममधून बाहेर पडणाऱ्या कित्येक मोटरसायकलींना एलईडी दिवे कंपनीतूनच बसवून येतात. पण होस्टेलच्या पार्किंगमधल्या गाड्या शोरूममधून थोड्याच आलेल्या असतात! त्या येतात वडिलांकडून, मामाकडून, नाहीतर पास आऊट झालेल्या सिनिअरकडून. मग पहिली सुट्टी मिळाली, की नवा मालक एलईडी बल्बची पाकिटं घेऊन गाडीशेजारी बसतो. जुना बल्ब काढला, नवा लावला, दहा मिनिटांत काम फत्ते!

खरी गंमत त्यानंतर सुरू होते. इंडिकेटर लागतो, पण उघडझाप करत नाही, किंवा वेड्यासारखा फडफडतो. कुणाच्या गाडीचे चारही इंडिकेटर एकदमच चालू होतात. दुकानदार म्हणतो, "बल्ब डुप्लिकेट असेल." बहुतेक वेळा बल्ब ठणठणीत असतो. जुना बल्ब प्रकाश देता देता सर्किटमधली आणखी दोन-तीन कामं गुपचूप करत होता, आणि ती आता कुणीच करत नाही.

आधी उघडझापीचं पाहू. इंडिकेटरचा साधा बल्ब १२ व्होल्ट, १० वॅटचा. पुढचा आणि मागचा मिळून २० वॅट, म्हणजे सुमारे १.७ अँपिअर करंट. जुना फ्लॅशर या करंटवरच चालतो. त्यातून ठरावीक करंट गेला तर तो ठरावीक वेगाने टिकटिक करतो. एलईडी बल्ब एक-एक वॅटचे लावले, तर करंट उरतो जेमतेम ०.१७ अँपिअर. दहावा हिस्सा! मग फ्लॅशरच्या जातीप्रमाणे तो अडून बसतो किंवा धावत सुटतो. मिनिटाला ६० ते १२० उघडझापी हे सर्वमान्य माप आहे. त्याबाहेर गेलं की मागच्याला इशारा नीट कळत नाही.

यावर बाजारात दोन उपाय मिळतात. एक म्हणजे एलईडीला समांतर लोड रेझिस्टर जोडणे. तो जुन्या बल्बइतका करंट खातो आणि फ्लॅशर फसतो. पण वाचवलेली वीज रेझिस्टर तापवण्यात जाते, आणि तो प्लॅस्टिकला टेकला तर प्लॅस्टिक वितळतं. दुसरा आणि शहाणपणाचा उपाय म्हणजे फ्लॅशरच बदलणे. लोड कितीही असो, एकाच वेगाने चालणारा इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर मिळतो. मुंबईत लॅमिंग्टन रोड, पुण्यात पासोड्या विठोबाजवळचं इलेक्ट्रॉनिक्स मार्केट, किंवा गावातलं कुठलंही ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान. घेताना पिना मोजा. तीन पिनांचा असेल, तर तिसरी वायर अर्थला, म्हणजे बॉडीला जोडावी लागते.

आता चारही दिवे एकदम का लागतात? बऱ्याच जुन्या गाड्यांत मीटरवर इंडिकेटरचा एकच पायलट दिवा असतो. त्याचं एक टोक डाव्या लाईनला आणि दुसरं उजव्या लाईनला जोडलेलं असतं. वेगळी अर्थची वायर त्याला नसतेच. डावा इंडिकेटर चालू केला, की करंट पायलटमधून जाऊन उजव्या बल्बच्या फिलामेंटमधून अर्थला पोहोचतो. मग उजवा बल्ब का लागत नाही? ओहमचा नियम आठवा. १० वॅटच्या फिलामेंटचा रेझिस्टन्स पेटलेला असताना १४.४ ओहम असतो, थंड असताना त्याच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास. ३ वॅटच्या पायलटचा पेटल्यावर ४८ ओहम. जवळपास सगळे १२ व्होल्ट पायलटवरच पडतात, आणि उजवे बल्ब नुसती अर्थची वायर बनून राहतात.

त्या जागी एलईडी आले, की ही वाट बदलते. एलईडीला उजळायला थोडेसे मिलिअँपिअर पुरतात, आणि तेवढा करंट पायलटमधून आरामात जातो. परिणाम, डावीकडे वळताना उजवेही लुकलुकतात. पावसाळ्यात, अंधारात मागे एसटी असेल, तर तिच्या ड्रायव्हरने नेमकं काय समजायचं? आणि पायलटलाच एलईडी लावला, तर तो एकाच बाजूला लागतो, कारण एलईडी करंट एकाच दिशेने जाऊ देतो.

इलाज फार स्वस्त आहे. १एन४००७ जातीचे दोन डायोड घ्या. एकाचा अॅनोड डाव्या लाईनला, दुसऱ्याचा उजव्या लाईनला. दोघांचे कॅथोड एकत्र करून पायलटच्या पॉझिटिव्ह टोकाला, आणि पायलटचं दुसरं टोक अर्थला. झालं! मीटरवर डाव्या-उजव्याचे वेगळे दिवे असतील, तर बहुधा याची गरज पडत नाही.

मीटरसाठी सुटा एलईडी स्वतः सोल्डर करणार असाल, तर हिशोब १२ व्होल्टवर करू नका. इंजिन चालू असताना बॅटरीवर १४.४ व्होल्टपर्यंत असतात. लाल एलईडीचे २ वजा केले, उरले १२.४. त्यासाठी १ किलोओहमचा रेझिस्टर लावला, की करंट १२ मिलिअँपिअरच्या आसपास राहतो. अर्ध्या वॅटचा घ्या, निवांत चालेल. आणखी एक खबरदारी : अनेक जुन्या १०० सीसी गाड्यांत हेडलाईट, टेललाईट आणि मीटरचा दिवा बॅटरीवर नसून थेट मॅग्नेटोच्या एसीवर असतो. तिथे उलटं व्होल्टेज एलईडीला मारून टाकतं. आधी मल्टिमीटरने तपासा. एसी निघालं, तर एक डायोड सिरीजमध्ये टाका.

रंगाचंही एक शास्त्र आहे. पांढरा एलईडी मुळात निळा असतो, त्यावर पिवळा फॉस्फर असतो. (या निळ्या एलईडीसाठीच आकासाकी, अमानो आणि नाकामुरा यांना २०१४ चं नोबेल मिळालं.) त्याच्या प्रकाशात लाल भाग कमी, म्हणून लाल काचेमागे तो फिका पडतो. लाल काचेमागे लाल, अंबरमागे अंबर, हे साधं सूत्र. अपवाद टेललाईटचा! त्याच बल्बचा प्रकाश खालच्या पारदर्शक खिडकीतून नंबरप्लेटवर पडतो, आणि तो पांढराच हवा. म्हणून खालच्या बाजूला पांढरे एलईडी असलेला बल्ब शोधा, नाहीतर टेललाईटला जुनाच राहू द्या.

मग एवढा खटाटोप कशासाठी? इंडिकेटर क्षणभरच लागतात, तिथे बॅटरीची बचत नगण्य. खरा फायदा ब्रेकलाईटचा. फिलामेंट तापून पूर्ण उजळायला सुमारे ०.२ सेकंद घेतं, एलईडी लगेच लागतो. ताशी ६० किलोमीटरने येणारी गाडी तेवढ्यात ३.३ मीटर पुढे आलेली असते. पण स्वस्तातला मंद एलईडी लावला, तर हा फायदा पाण्यात. म्हणून काम झालं, की भर दुपारी मित्राला ब्रेक दाबायला सांगा आणि ३० पावलं मागे जाऊन बघा. टेल आणि ब्रेक यांतला फरक स्पष्ट दिसला पाहिजे. दिसला नाही, तर जुना बल्ब परत लावा, त्यात कमीपणा नाही. जुने बल्ब फेकू नका ते यासाठीच.

डायोड कुठल्या बाजूने लावायचा याबद्दल शंका असेल, तर वायर कापण्याआधी इलेक्ट्रिकलच्या लॅबमध्ये या. मल्टिमीटर आहेतच. फक्त सबमिशनचा आठवडा सोडून!