सामाईक चूल की वेगळे बिऱ्हाड?

वाचकहो, एखादा अर्ज भरायला आपण संगणकावर पान उघडतो, तेव्हा पलीकडचा वेब सर्व्हर त्याच घटकेला शेकडो जणांना उत्तरे देत असतो. त्यांतल्या एकाच्या कामात बिघाड झाला तर बाकीच्यांचे काय? एबेनला संगणकाच्या नोकरीवर जाणारी आपली मुले 'थ्रेड' आणि 'प्रोसेस' या शब्दांवर वाद घालतात, तो याचसाठी.

अपाची हा प्रसिद्ध सर्व्हर घ्या. त्याच्या १९९८ च्या १.३ आवृत्तीत, युनिक्सवर, प्रत्येक गिऱ्हाइकाचे काम वेगळी प्रोसेस पाही. प्रोसेस म्हणजे वेगळे बिऱ्हाड. तिचा हात स्वतःच्या मेमरीबाहेर गेला की ऑपरेटिंग सिस्टिम तिला तिथेच बंद करते. एकाचे पान अर्धवट राहते, शेजाऱ्यांना पत्ताही लागत नाही. मूळ प्रोसेस पाने देण्याच्या भानगडीत पडतच नाही. ती फक्त लक्ष ठेवते आणि गेलेलीच्या जागी नवी उभी करते.

पण इतकी बिऱ्हाडे मांडायची तर मेमरी फार लागते. म्हणून २००२ साली आलेल्या २.० आवृत्तीत एकेका प्रोसेसमध्ये अनेक थ्रेड चालवण्याची सोय झाली. हे एकत्र कुटुंब, चूल एकच. खर्च वाचतो खरा, पण एका थ्रेडने मेमरीत घोळ केला की त्याची अख्खी प्रोसेस कोसळते. बदल केला नाही तर युनिक्सवर प्रोसेसमागे २५ थ्रेड असतात. एकापायी चोवीस जण अडकले! विंडोजवर तर सगळे थ्रेड एकाच प्रोसेसमध्ये.

कोसळणे त्यातल्या त्यात बरे, निदान कळते तरी. न कळणारा बिघाड जास्त वाईट. फेब्रुवारी २०१७ मध्ये उघड झाले की क्लाउडफ्लेअर कंपनीच्या सर्व्हरवरून एका संकेतस्थळाच्या पानात दुसऱ्यांची खासगी माहिती उमटत होती. तिथे दोष थ्रेडचा नव्हता. पण एकाच प्रोसेसमध्ये अनेकांचे काम चाले, म्हणजे चूल सामाईकच.

आमचे मत विचाराल तर जुना किंवा परक्याने लिहिलेला कोड असेल तिथे मेमरीचा खर्च सोसावा आणि प्रोसेस वेगळ्या ठेवाव्यात. पीएचपीच्या काही लायब्ररी थ्रेडसाठी लिहिलेल्याच नव्हत्या, म्हणून पीएचपी अपाचीच्या आतच चालवणाऱ्यांना हाच सल्ला मिळे. शिवाय ठरावीक कामे झाली की प्रोसेसला निवृत्त करण्याची सोय अपाचीत आहे. गळतीत अडकलेली मेमरी तिच्याबरोबरच मोकळी होते.