आपल्या मोहल्ल्यातला सुफ्फा

इशाची नमाज आटोपून आम्ही अंबरनाथ पूर्वेला स्टेशनकडे निघतो, तेव्हा बंद दुकानांच्या पायऱ्यांवर माणसे निजलेली दिसतात. मदीनेत प्रेषितांच्या (स.) मशिदीला लागूनच सुफ्फा होता; बेघर सहाबा त्या छपराखाली राहत. केंद्राच्या २०१३ च्या योजनेत दर लाख लोकसंख्येमागे किमान १०० बेघरांच्या निवाऱ्याचा निकष ठरला. २०११ च्या जनगणनेतच अंबरनाथ अडीच लाखांवर होते. म्हणजे २५० जणांची सोय हवी. नगरपालिकेकडे ती मागूच; पण तोवर? २०२० मध्ये भिवंडीच्या मक्का मशिदीत कोरोना रुग्णांसाठी ऑक्सिजनची सोय झाली. मग रात्री रिकामा राहणारा जमातखाना थंडी-पावसात का उघडू नये? चटई, पाणी, शौचालय, एक राखणदार. बायका-मुलांसाठी वेगळी खोली. दारात आलेल्याचा धर्म मात्र विचारायचा नाही. जमातीच्या पुढच्या बैठकीत हा विषय काढूया, इन्शाअल्लाह.