समोरची रात्र

हाऊस संगीताच्या जन्मावर लिहायचं काम संपादकांनी दिलं, तेव्हा झाडीपट्टीत मंडईचे दिवस होते. मी गोंदियाहून बल्लारशाकडे जाणारी गाडी धरली आणि वडशाला उतरलो. कारण लहानपणी तिकडच्या नाटकात ऐकलेला एका यंत्राचा ठोका मनातून गेला नव्हता.

वडसा म्हणजे देसाईगंज, झाडीपट्टी रंगभूमीचं ठाणं. नाटक कंपन्यांची कार्यालयं इथेच. दिवाळीनंतर धान निघालं की गडचिरोली-चंद्रपूरच्या गावांत मंडई भरते, शंकरपट होतात आणि रात्री उघडलेला पडदा पहाटेच पडतो. दंडार, खडी गंमत या लोककलांच्या अंगणात वाढलेली ही रंगभूमी. कुरखेडा तालुक्यातले परशुराम खुणे आयुष्यभर तिच्यावर उभे राहिले. २०२३ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

त्या रात्रीच्या नाटकात माझी नजर मात्र ऑर्गन-तबल्याच्या शेजारी बसलेल्या ऑक्टोपॅडवाल्यावर खिळली. आठ रबरी चौकोन, हातात दोन काड्या. एका चौकोनात ढोल, दुसऱ्यात विजेचा कडकडाट, तिसऱ्यात खलनायकाच्या पावलांची धमक. संवाद चालू असताना तो नटाकडे क्वचितच बघे. त्याचे डोळे मंडपातल्या लोकांवर. मध्यंतरात कारण विचारलं. म्हणाला, "नाटक तं पाठ हाये जी. पब्लिक रोज नवी रायते."

हे वाक्य मला थेट हाऊस संगीताच्या जन्मगावी, शिकागोला घेऊन गेलं. वाट मात्र जपानवरून.

ऑक्टोपॅड हे जपानच्या रोलँड कंपनीचं अपत्य. इकुतारो काकेहाशी यांनी १९७२ मध्ये स्थापन केलेल्या याच कंपनीने एकट्या गिटारवादकाला साथ मिळावी म्हणून टीबी-३०३ नावाची छोटी चंदेरी पेटी काढली होती. तिने बेस गिटारची जागा घ्यायची होती. आवाज गिटारसारखा आलाच नाही. १९८४ मध्ये उत्पादन थांबलं आणि पेट्या जुन्या बाजारात कवडीमोलाने जाऊ लागल्या. पण त्या पेटीत एक खोडी होती. सोळा घरांत सूर भरायचे. हव्या त्या सुरावर आघात द्यायचा, हवा तो सूर पुढच्यात घसरवायचा. वरच्या बटणांनी आवाज चालू असतानाच पिळता येई. सोळा घरं म्हणजे आपल्या कानाला तीनतालाच्या सोळा मात्रा, आणि घसरता सूर म्हणजे मींड.

मुंबईत हे एका माणसाने फार आधी ओळखलं. चरणजित सिंग हे हिंदी सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. त्यांनी ही पेटी, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि ज्युपिटर-८ सिंथेसायझर एकत्र मांडून १९८२ मध्ये भैरव, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठोक्यावर वाजवले. तबकडी निघाली आणि विस्मरणात गेली. २०१० मध्ये एदो बाउमन या डच संग्राहकाने ती पुन्हा काढली, तेव्हा जग थक्क झालं. २०१५ मध्ये चरणजित सिंग गेले.

शिकागोत वेगळं घडलं. तिथल्या 'वेअरहाऊस' क्लबमध्ये १९७७ पासून फ्रँकी नकल्स तबकड्या लावत होता. नाचायला येणारे बहुतेक कृष्णवर्णीय आणि लॅटिनो, त्यांतले पुष्कळ समलिंगी. बाहेरच्या शहराने त्यांना सहज दार उघडलं नसतं. १२ जुलै १९७९ ला त्याच शहरातल्या बेसबॉलच्या मैदानावर डिस्कोच्या तबकड्या स्फोटाने उडवल्या गेल्या. डिस्को संपली, असं लोक म्हणाले. ती या अंधाऱ्या दालनांत जिवंत राहिली आणि 'वेअरहाऊस'वरूनच तिच्या नव्या रूपाला 'हाऊस' नाव पडलं. फ्यूचर या तिघांच्या गटाने जुन्या बाजारातली टीबी-३०३ आणून तिची बटणं पिळली. ती टेप रॉन हार्डीने 'म्युझिक बॉक्स' क्लबमध्ये लावली, तर लोक नाचायचे थांबले. त्याने ती त्याच रात्री पुन्हा लावली, आणि पुन्हा. चौथ्या खेपेला दालन पेटलं, असं ते वादक सांगत आले आहेत. १९८७ मध्ये तीच धून 'ॲसिड ट्रॅक्स' नावाने तबकडीवर आली.

यंत्र मुंबईतही तेच होतं, आणि आधी होतं. चरणजित सिंगांसमोर चौथ्यांदा ऐकायला थांबणारी रात्र नव्हती. झाडीपट्टीकडे ती रात्र आहे, म्हणून मला तिची काळजी वाटते.

ऑक्टोपॅडवाल्याचा हंगाम होळीपर्यंतचा. पुढे रोवणी, मजुरी. करोनात तो हंगामही बुडाला. दवाने आणि धुळीने पॅड बिघडतात, दुरुस्तीला नागपूर गाठावं लागतं. ब्रह्मपुरी-सिंदेवाहीकडे वाघाच्या भीतीने शेजारच्या गावचे लोक रात्री निघायला कचरतात, असं तो सांगतो. त्यातच काही ठिकाणी पार्श्वसंगीत आधीच भरून आणायची कुजबुज सुरू झाली आहे. एका पेनड्राईव्हमध्ये तिघांची मजुरी वाचते.

टेप वाईट असते असं मी म्हणणार नाही. रॉन हार्डीही टेपच लावत होता. पण तो लोकांकडे बघत लावत होता.

पहाटे साडेचारला तिसऱ्या पॅडने दगा दिला. त्याने खलनायकाची पावलं चौथ्यावर घेतली आणि घोंगडी पांघरलेली पुढची रांग दचकून सरळ बसली. पडदा पडल्यावर मी पेनड्राईव्हचा विषय काढला. काड्या फडक्यात गुंडाळत तो म्हणाला, "तो पब्लिककडं पायते का जी?"