रूट कॅनलनंतर दाताला कॅप का आवश्यक?

ठणकणाऱ्या दाढेचे रूट कॅनल झाले की वेदना थांबतात आणि उपचार पूर्ण झाले, असा अनेक रुग्णांचा समज होतो. दंतवैद्यांनी सुचवलेली कॅप, म्हणजेच क्राऊन, खर्चामुळे लांबणीवर पडते. प्रत्यक्षात दाढ वाचवण्याचे महत्त्वाचे काम तेव्हा शिल्लक असते.

रूट कॅनल करताना दाताच्या पोकळीतील संसर्ग झालेल्या नसा व रक्तवाहिन्या काढून मुळातील नलिका स्वच्छ केल्या जातात आणि भरल्या जातात. त्यासाठी दाताला वरून छिद्र करावे लागते. किडीने दाताचा बराच भाग आधीच गेलेला असतो. उरलेल्या भिंती पातळ असतात आणि चावताना येणारा दाब त्यांना एकमेकींपासून दूर लोटतो. साधे भरण पोकळी बुजवते, पण या भिंतींना एकत्र बांधून ठेवत नाही. बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव जशी घट्ट आवळून धरते, तसे काम कॅप करते.

कॅप नसलेल्या दाढेचा एखादा कोपरा तुटला तर दुरुस्ती शक्य असते. परंतु तडा मुळापर्यंत उभा गेला, तर बहुधा दाढ काढावी लागते. तात्पुरते भरण झिजले, तर जंतू पुन्हा नलिकांत शिरू शकतात. नसा काढलेल्या असल्याने थंड किंवा गरम पदार्थांनी होणारी सणक उरत नाही आणि बिघाड उशिरा लक्षात येतो.

अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातील संशोधकांचा या विषयावरील अभ्यास २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. रूट कॅनलनंतर कॅप न बसवलेले दात गमावण्याचे प्रमाण कॅप असलेल्या दातांच्या सहा पट असल्याचे त्यात आढळले. हा जुन्या नोंदींवर आधारलेला अभ्यास असल्याने संपूर्ण फरक केवळ कॅपमुळे पडला, असे म्हणता येत नाही. तरीही मागच्या दातांसाठी दंतवैद्य कॅपचा आग्रह का धरतात, हे त्यावरून कळते.

प्रत्येक दाताला मात्र कॅप लागतेच असे नाही. समोरच्या दातांवर चावण्याचा भार कमी असतो. असा दात बव्हंशी शाबूत असेल, तर भरण पुरेसे ठरू शकते. याउलट, कॅप टिकण्यासाठी हिरडीच्या वर सभोवती सुमारे दोन मिलिमीटर निरोगी दात असणे इष्ट मानले जाते. दात त्याहून अधिक मोडला असेल, तर कॅपचाही भरवसा कमी होतो. विलंब महागात पडतो तो यासाठीच.

कॅप बसवताना दात सर्व बाजूंनी थोडा घासून त्याचे माप घेतले जाते. प्रयोगशाळेतून कॅप तयार होऊन येईपर्यंत तात्पुरती कॅप लावता येते. धातूची कॅप मजबूत असते, पण दिसायला वेगळी वाटते. धातूवर सिरॅमिक चढवलेली कॅप दातासारखी दिसते, मात्र तिचा वरचा थर कधीकधी उडतो. झिरकोनियाची कॅप मजबूत आणि दातांच्या रंगाची असते; ती तुलनेने महाग पडते. निकेलची ॲलर्जी असल्यास दंतवैद्यांना आधीच सांगावे. शासकीय दंत महाविद्यालयांत हे उपचार खासगी दवाखान्यांपेक्षा कमी खर्चात होऊ शकतात.

कॅप किडत नाही. तिच्या कडेखालचा दात मात्र किडू शकतो. त्यामुळे हिरडीलगतची स्वच्छता, दिवसातून दोनदा ब्रश आणि नियमित तपासणी आवश्यक ठरते. अडकित्त्याऐवजी दातांनी सुपारी फोडणे किंवा बाटलीचे झाकण उघडणे टाळावे.

रूट कॅनलला होकार देतानाच कॅपची गरज, तिचा प्रकार आणि दोन्ही मिळून येणारा खर्च विचारून घ्यावा. वेदना थांबणे हा उपचारांचा पहिला टप्पा आहे. दाढ पुढील अनेक वर्षे चावण्याच्या कामी येणे हे त्यांचे खरे उद्दिष्ट आहे.