सूर्य मावळल्यावर

इंदूरला पिण्याचे पाणी नर्मदा पुरविते. सुमारे 70 किलोमीटरांवरील जलूद येथे ते उपसले जाते आणि विंध्याचा चढ चढून माळव्याच्या पठारावर येते. नदीकाठाहून इंदूर सुमारे 400 मीटर उंच. तेव्हा पाण्यापेक्षा ते चढविणाऱ्या विजेचीच चिंता अधिक. हा भार हलका व्हावा म्हणून इंदूर महानगरपालिकेने 2023 च्या फेब्रुवारीत 244 कोटी रुपयांचे हरित कर्जरोखे काढले. जलूदला 60 मेगावॅटचे सौर वीजकेंद्र उभारणे, हा त्यामागील हेतू होता.

हेतू स्तुत्य खरा. परंतु पंप रात्रीही चालावे लागतात आणि सूर्य मात्र आपल्याच वेळेने काम करतो. खनिज इंधनाकडून सूर्याकडे वळण्यातील खरी अडचण हीच आहे.

विजेच्या जाळ्यात जितकी वीज ज्या क्षणी खर्च होते, तितकीच त्या क्षणी यावी लागते. दुपारी सौर वीज मुबलक असते. दिवेलागणीला मागणी वाढते, तेव्हा सूर्य मावळलेला असतो. मग भार कोळशावर पडतो. कोळशाचा थंड बॉयलर तापविण्यास कित्येक तास लागतात. म्हणून संध्याकाळसाठी तो दुपारीही धगधगत ठेवावा लागतो. 2025 च्या जूनपर्यंत भारताच्या स्थापित वीजक्षमतेपैकी निम्मी क्षमता खनिज इंधनाविना चालणारी झाली. तथापि 2024-25 या वर्षी प्रत्यक्ष निर्माण झालेल्या विजेपैकी 70 टक्क्यांहून अधिक वीज कोळशाचीच होती.

विजेच्या वाहनांनाही हाच न्याय लागू पडतो. पेट्रोलचे इंजिन बहुतांश ऊर्जा उष्णतेच्या रूपाने वाया घालविते, विजेची मोटर तसे करीत नाही. हा लाभ निर्विवाद आहे. परंतु गाडीची बॅटरी रात्री भरली, तर राजवाड्यासमोरचा धूर नाहीसा होऊन त्यातील काही भाग खंडवा जिल्ह्यातील सिंगाजीसारख्या औष्णिक केंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो.

यावर उपाय साठवणुकीचा. सह्याद्रीतील घाटघर येथे 250 मेगावॅटचे उदंचन केंद्र आहे. जास्तीच्या विजेने पाणी वरच्या जलाशयात चढवावयाचे आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज घ्यावयाची, ही तेथील रीत. मात्र या उलाढालीत सुमारे चतुर्थांश वीज खर्ची पडते, आणि असे दोन जलाशय बांधण्याजोगी जागा सर्वत्र मिळत नाही. मोठ्या बॅटऱ्यांना लागणारे लिथियम तर परदेशांतून आणावे लागते.

दुसरा उपाय साधा आहे. वाळवणे उन्हातच घालावीत, हे कोणत्याही गृहिणीस शिकवावे लागत नाही. टाक्या भरणे, पिठाची गिरणी चालविणे, गाडीची बॅटरी भरणे ही कामेही पुष्कळदा दुपारी उरकता येतील. केंद्र सरकारच्या 2023 च्या नियमांनी दिवसा स्वस्त व गर्दीच्या वेळी महाग, अशा वीजदराची वाट खुली केली आहे. मात्र दिवसभर कामावर असणाऱ्याची गाडी दुपारी कामाच्या ठिकाणीच उभी असते. तेथे वीज भरण्याची सोय झाली नाही, तर स्वस्त दराचा लाभ त्याच्या पदरी पडणार नाही आणि कोळशाची भट्टीही विझणार नाही.