बनातीने बांधलेलं लायडन

नेदरलँड्समधल्या लायडन शहराची ओळख करून देताना विद्यापीठाचं नाव सर्वात आधी येतं. १५७५ मध्ये स्थापन झालेलं हे देशातलं सर्वात जुनं विद्यापीठ. बूरहावे, लॉरेंट्झ, आइनस्टाइन अशी नावं त्याच्याशी जोडलेली. ही कीर्ती मनात धरून रापेनबर्ख कालव्याच्या काठाने चालत गेलं की विद्यापीठाची मुख्य इमारत लागते आणि नवखा माणूस जरा बुचकळ्यात पडतो. कारण ती इमारत म्हणजे डॉमिनिकन संन्यासिनींच्या मठाचं जुनं विटकरी प्रार्थनागृह आहे. विद्यापीठ तिथे १५८१ मध्ये राहायला आलं. ग्रंथालयाची आणि शवविच्छेदनाच्या प्रसिद्ध रंगमंडपाची सोयही त्याच कालव्यावरच्या दुसऱ्या एका जुन्या प्रार्थनागृहात करण्यात आली. थोडक्यात, युरोपभर ज्याचा दबदबा होता ते विद्यापीठ बराच काळ दुसऱ्यांच्या रिकाम्या झालेल्या वास्तूंत नांदलं. इथून पंधरा-वीस मिनिटं उत्तरेकडे चालत गेलं की आउडे सिंगल कालव्यावर लाकेनहाल दिसतं. पुढे प्रशस्त अंगण, दोन्ही बाजूंना बुटक्या ओवऱ्या, मध्ये अर्धस्तंभांनी सजवलेली भारदस्त दर्शनी भिंत. एखाद्या सरदाराचा महाल असावा असं वाटतं. पण १६४० मध्ये नगरपालिकेने तो आपला वास्तुकार आरेंट फान स ग्रावेसांडे याच्याकडून बांधून घेतला तो लोकरी कापडाची तपासणी करण्यासाठी. कापडासाठी महाल आणि विद्येसाठी मठाची जुनी खोली, हा उफराटा हिशेब लायडन समजून घ्यायला पुरेसा आहे. हे शहर आधी कापडाचं आहे, मग विद्येचं. आणि इथली स्थळं त्या क्रमाने पाहिली तरच ती एकमेकांशी बोलू लागतात.

लाकेन म्हणजे घोटून दाट केलेलं जाड लोकरी कापड, आपल्या जुन्या कागदपत्रांत जिला बनात म्हणतात तसलं. चौदाव्या-पंधराव्या शतकात इंग्लंडची लोकर कॅलेच्या बाजारातून लायडनला यायची आणि विणून, घोटून, रंगवून बाल्टिक समुद्रापर्यंतच्या गावांत विकली जायची. या पहिल्या भरभराटीची आणि तिच्या ओसरण्याची खूण होखलांडसे केर्क या चर्चवर आजही स्पष्ट दिसते. गाभाऱ्याकडचा भाग आणि आडवी बाजू आकाशाला भिडणारी, पण भाविकांनी बसायचा मधला भाग मात्र ठेंगणा. सोळाव्या शतकाच्या पूर्वार्धात काम थांबलं, ते पुन्हा सुरू झालंच नाही. जवळच्याच पीटर्सकेर्कचा मनोरा १५१२ मध्ये कोसळला आणि तोही कुणी परत उभारला नाही. धर्मसुधारणेच्या वादळाचा त्यात वाटा आहे हे खरं. पण मनोरा पडला तेव्हा ते वादळ उठायला पाच वर्षं बाकी होती. त्याच सुमाराला इंग्रज आपली लोकर स्वतःच विणू लागले होते आणि लायडनच्या मागांना काम पुरेनासं झालं होतं.

शहराची अधिकृत आठवण मात्र १५७४ पासून सुरू होते. स्पॅनिश फौजेने घातलेला वेढा, उपासमार, प्लेग, आणि शेवटी बांध फोडून समुद्राचं पाणी शेतांत घेऊन त्यावरून आलेल्या होड्यांनी ३ ऑक्टोबरला केलेली सुटका ही कथा इथल्या शाळकरी पोरालाही पाठ असते. दरवर्षी त्या दिवशी पीटर पोस्टने बांधलेल्या वाख या वजनकाट्याच्या इमारतीत हेरिंग मासे आणि पांढरा पाव वाटतात. घरोघरी गाजर, कांदा, बटाटा घोटून हुत्स्पोट शिजतं. वेढ्यात शहराचा सुमारे तिसरा हिस्सा मेला. एवढा फटका बसलेलं आणि धंदा आधीच मोडलेलं गाव नुसत्या शौर्याच्या आठवणीवर वर येत नसतं. ते वर आलं निर्वासितांमुळे. फ्लँडर्समध्ये, विशेषतः होंडस्कोटे आणि आसपासच्या गावांत, युद्ध आणि धर्मछळ यांनी हैराण झालेले विणकर १५७७ नंतर लायडनला येऊ लागले. त्यांनी सोबत साय नावाच्या हलक्या, स्वस्त लोकरी कापडाचं कसब आणलं. शहराने त्यांना नागरिकत्व, जागा आणि संन्यासिनींचे रिकामे मठ दिले. वेढ्यानंतर जेमतेम बारा हजारांवर आलेली वस्ती १६२२ पर्यंत पंचेचाळीस हजारांच्या घरात गेली.

ब्रेस्त्रात या मुख्य रस्त्यावरच्या नगरभवनाची लांबलचक दर्शनी भिंत पाहताना हे ध्यानात ठेवावं. तिच्यावरच्या शिलालेखात वेढ्यातल्या भुकेची आठवण कोरलेली आहे आणि त्यातल्या रोमन अंकांच्या अक्षरांची बेरीज केली की १५७४ ही संख्या मिळते. भिंत मात्र उभी राहिली १५९० च्या दशकात, साय कापडाच्या पैशावर, आणि तिचा आराखडा केला लीव्हेन दे केई याने, जो स्वतः फ्लँडर्समधल्या गेंटहून आलेला होता. शिलालेख दुःखाचा, पण दगड सुबत्तेचा. १९२९ च्या कडाक्याच्या थंडीत मागची इमारत जळून गेली, तेव्हाही ही भिंत सावरून ठेवण्यात आली आणि तिच्यामागे नवं नगरभवन बांधलं गेलं. भिंत उभी राहिली त्याच सुमाराला इसाक फान स्वानेनबर्खने साय कापडाच्या सभागृहासाठी चित्रमालिका रंगवली. तिच्यात लोकर धुण्यापासून पिंजणं, कातणं, विणणं, घोटणं, रंगवणं असे सगळे टप्पे आहेत, आणि एका चित्रात नगरदेवता जुन्या आणि नव्या व्यवसायाच्या मधोमध उभी आहे. हा चित्रकार शहराचा महापौरही होता. रेम्ब्राँ ज्याच्या हाताखाली पहिल्यांदा चित्रकला शिकला तो याकोब याच इसाकचा मुलगा. रेम्ब्राँ स्वतः पीठगिरणीवाल्याचा पोर. जिथे १६०६ मध्ये तो जन्मला ते घर आज उरलेलं नाही, तरी तिथे फोटो काढणाऱ्यांची कमी नसते.

ती चित्रमालिका आता लाकेनहालमध्येच आहे. १८७४ पासून ही इमारत संग्रहालय आहे, पण तिचं मूळ काम तिच्या दर्शनी भिंतीवरच कोरलेलं आहे: कापड तयार होतानाची दृश्यं एकापाशी एक बसवलेली. आत आलेला प्रत्येक तागा मेजावर पसरून त्याची लांबी, रुंदी, विणीचा घट्टपणा, रंगाचा पक्केपणा पाहिला जायचा. पास झाला की त्याच्या कडेला शिशाचा छोटा दुहेरी शिक्का दाबून बसवला जायचा. नापास झाला की त्याची किंमत पडायची, विणकराला दंड व्हायचा. युरोपभरच्या उत्खननांत लायडनचे हे शिक्के सापडतात. गिऱ्हाइकाला विणकराचं नाव माहीत नसायचं. त्याचा भरवसा त्या नखाएवढ्या शिशाच्या चकतीवर होता, म्हणून ती चकती जिथे लागायची त्या जागेला महालाचं रूप देणं शहराला परवडत होतं. आणि पैसा होता. मारेकेर्क हे अष्टकोनी, घुमटाचं चर्च ग्रावेसांडेनेच १६३९ नंतर बांधलं, कारण वाढलेली वस्ती जुन्या चर्चांत मावेना. जुन्या र्‍हाइन आणि नव्या र्‍हाइनच्या संगमावर कृत्रिम टेकडीवरचा बुर्ख्त हा गोल कोट सरंजामी अधिकाऱ्याच्या मालकीचा होता. १६५१ मध्ये नगरपालिकेने तो चक्क विकत घेतला. सरंजामी कोट लढून जिंकल्याच्या कथा आपल्याला पुष्कळ ठाऊक आहेत. खरेदीखत करून घेतलेला कोट विरळा.

शहर आधी कापडाचं, या म्हणण्यावर पहिला आक्षेप असा येईल की विद्यापीठ १५७५ चं आहे आणि विणकरांचे लोंढे त्यानंतर आले. मग विद्या कापडाच्या आधीची नाही का? कालक्रम बरोबर आहे. विद्यापीठ कापडाच्या पैशातून जन्मलंही नाही. विल्यम ऑफ ऑरेंजने ते राजकीय आणि धार्मिक गरजेतून काढलं आणि त्याचा खर्च जप्त केलेल्या एगमंड मठाच्या उत्पन्नातून भागवला. पण कागदावर विद्यापीठ काढणं वेगळं आणि ते रुजणं वेगळं. छापखाने, पुस्तकविके, भाड्याच्या खोल्या, परदेशी विद्यार्थ्यांना सहन करणारी मिश्र वस्ती हे सगळं निर्वासितांनी भरलेल्या शहराने पुरवलं. पीटर्सकेर्कच्या परिसरात याचा नमुना आहे. इंग्लंडहून पळून आलेला धर्मपंथीयांचा एक गट १६०९ पासून इथे राहिला. त्यांतले बहुतेक जण कापडाच्या धंद्यात शिरले. पुढे अमेरिकेतल्या प्लिमथ वसाहतीचा गव्हर्नर झालेला विल्यम ब्रॅडफर्डही इथे फस्टियन नावाचं कापड विणायचा. १६२० मध्ये यांतले काही जण अमेरिकेला निघून गेले. धर्मगुरू जॉन रॉबिन्सन मागे राहिला आणि १६२५ मध्ये पीटर्सकेर्कमध्ये पुरला गेला. त्याच्या घराच्या जागी १६८३ मध्ये यां पेसैन या फ्रेंचभाषक निर्वासित घराण्यातल्या व्यापाऱ्याच्या नावाचं हॉफ्ये उभं राहिलं. हॉफ्ये म्हणजे बाग असलेल्या चौकाभोवती वृद्ध गरजूंसाठी बांधलेली छोटी घरं. शहरात अशी पस्तीस आहेत आणि त्यांतल्या अनेकांची दारं रस्त्यावरून ओळखूही येत नाहीत.

दुसरा आक्षेप आपल्याकडच्या वाचकाच्या मनात येण्याजोगा आहे. वेंगुर्ल्याची डच वखार पाहिलेल्या माणसाला वाटेल की हे सगळं वैभव पूर्वेच्या लुटीचं असणार. डच ईस्ट इंडिया कंपनीबद्दल हा संशय रास्तच आहे, पण कंपनीचे सहा विभाग ॲमस्टरडॅम, मिडलबर्ग, डेल्फ्ट, रॉटरडॅम, होर्न आणि एंकहाउझेन इथे होते. लायडनमध्ये एकही नव्हता. मसाल्यांच्या नफ्यातला काही पैसा इथेही झिरपला असेल, पण शहराचा कणा मागच होते. आपल्या किनाऱ्याशी लायडनचा खरा धागा वनस्पतींचा आहे, आणि तो विद्यापीठामागच्या हॉर्टस या बागेत सापडतो. ही बाग १५९४ मध्ये आखणारा कारोलुस क्लुसियस नेदरलँड्समध्ये ट्यूलिप रुजवल्याबद्दल ओळखला जातो. पण त्याआधी, १५६७ मध्ये, त्याने गोव्यात १५६३ साली छापलेल्या गार्सिया द ऑर्ताच्या औषधी वनस्पतींवरच्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप प्रसिद्ध केला होता. शंभरेक वर्षांनी कोचीनमधल्या डच अधिकाऱ्याने, हेंड्रिक फान रेडेने, ‘हॉर्टस मलबारिकस’ सिद्ध केला. त्याच्या पहिल्या खंडात रंग भट, विनायक पंडित आणि आपू भट या कोकणी वैद्यांचं नागरी लिपीतलं निवेदन छापलेलं आहे, आणि त्या खंडावर टिपा लिहिल्या लायडनच्या वनस्पतिशास्त्राच्या प्राध्यापकाने, आर्नोल्ड सायनने.

तिसरा आक्षेप सगळ्यांत जड आहे. महाल, घुमट, नगरभवन हे सारं व्यापाऱ्यांचं आणि कारभाऱ्यांचं. ज्यांनी माग चालवले त्यांचं काय? सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात वस्ती साठ हजारांवर गेली तेव्हा त्यातले बहुसंख्य लोक भाड्याच्या कोंदट घरांत राहायचे. लीजसारख्या परप्रांतांतून पोरं आणून त्यांना कातायला, सूत गुंडाळायला बसवलं जायचं. हॉफ्ये हे औदार्य खरं, पण स्वस्त मजुरीने म्हातारपणी निराधार केलेल्यांसाठीचं औदार्य. म्हणूनच लायडनला कापडाचं शहर म्हणणं म्हणजे त्याचा गौरव करणं नव्हे. वेढ्याच्या आणि विद्येच्या कथेतून जे वगळलं जातं ते परत आणणं आहे. नंतरच्या पडझडीतही हाच वर्ग आधी गेला. स्पर्धेपुढे धंदा खचला आणि एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी लोकसंख्या तीस हजारांच्या आसपास उरली. शेवटच्या विस्ताराच्या वेळी बांधलेल्या वेशींपैकी झैलपोर्ट (१६६७) आणि मोर्सपोर्ट (१६६९) या दोनच आज उभ्या आहेत, पण त्यांच्या आतला गाव तेव्हा अर्धा ओस पडला होता. १८०७ मध्ये बारुदाने भरलेलं जहाज कालव्यात फुटलं, दीडशेच्या आसपास माणसं गेली, शेकडो घरं पडली. त्या मोकळ्या जागेवर पुन्हा घरं बांधायची कुणाला निकडच नव्हती. आज तिथे उद्यान आहे, आणि ज्या प्रयोगशाळेत कामरलिंग ओनेसने १९०८ मध्ये हेलियम द्रवरूपात आणला ती वास्तू आहे. जुनं लायडन इतकं शाबूत राहिलं त्यात जतनाच्या जाणिवेपेक्षा गरिबीचा वाटा मोठा आहे. पाडून नवं बांधायलाही ऐपत लागते.

विणकरांची घरं मात्र त्यातूनही फारशी उरली नाहीत. मिडेलस्टेखराख्त या बुजवलेल्या कालव्याच्या रस्त्यावर १५६० च्या सुमाराचं एक घर पाडापाडीतून वाचलं आणि आता तिथे छोटं संग्रहालय आहे. रस्त्याकडच्या खोलीत उजेडासाठी खिडकीशी माग मांडलेला, आणि तो इतकी जागा अडवतो की कुटुंबाला राहायला मागची बाजू तेवढी उरते. रूढ पायवाटा स्टेशनपासून पवनचक्की, रापेनबर्ख, पीटर्सकेर्क, बुर्ख्त अशा फिरतात आणि हे घर त्यांच्या वाटेवर येत नाही. ज्याच्याकडे एकच दुपार आहे त्याने बुर्ख्त वगळला तरी चालेल. आधी लाकेनहालमधला तपासणीचा दिमाख पाहावा, मग या घरातला माग, आणि त्यानंतर वेळ उरलाच तर विद्यापीठ.